२८० नॅनोमीटरचा दिवा आणि खरेदीची फाईल

प्रति,
नागपुरातील विज्ञान महाविद्यालयांच्या खरेदी समित्या आणि लेखा विभाग

सप्रेम नमस्कार.

पदवीच्या चौथ्या वर्षात संशोधन प्रकल्प आल्यापासून जीवरसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागांकडून येणाऱ्या मागणीपत्रांत स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर हे नाव तुम्हाला वरचेवर दिसू लागलं असेल. प्रथिनांवर अतिनील प्रकाश टाकायचा आणि ती उलट जो उजेड देतात तो मोजायचा, असं हे यंत्र. मागणी रास्त आहे. मी हा विषय शिकवतो आणि अशा मागणीपत्रावर माझीही सही असते. तरीही फाईल मंजूर करण्याआधी तुम्ही विभागप्रमुखांना एवढं विचारावं म्हणून हे पत्र लिहितो आहे: यातला दिवा कोणता, आणि तो गेल्यावर दुसरा कोणत्या पैशातून येणार?

यंत्रातलं बाकीचं सामान, म्हणजे ग्रेटिंग (प्रकाशाच्या तरंगलांब्या वेगळ्या करणारा भाग), आरसे, फोटोमल्टिप्लायर (मंद उजेड मोजणारा भाग), नीट ठेवलं तर पंधरा-वीस वर्षं चालतं. दिव्याचं आयुष्य तासांत मोजतात. आणि मागणीपत्रात दिव्याबद्दल बहुधा एकच ओळ असते: ‘झेनॉन लॅम्प, १५० वॅट’. ती ओळ कंपनीच्या माहितीपत्रकावरून उतरवलेली असते, हे मी अनुभवावरून सांगतो.

आधी हा उजेड कशासाठी लागतो ते थोडक्यात. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी तीन, फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन, अतिनील प्रकाश शोषून स्वतः उजेड देतात. त्यांत कामाचा खरा गडी ट्रिप्टोफॅन. प्रथिनात तो फार थोडा असतो, शंभरात एखादा. पण तो सभोवतालाला फार संवेदनशील असतो. प्रथिनाच्या आत, पाण्यापासून दूर दडलेला असेल तर त्याचा उजेड ३३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास येतो. प्रथिन उलगडलं आणि तो पाण्यात उघडा पडला, की तोच उजेड ३५० कडे सरकतो. म्हणजे प्रथिनाला कोणताही रंग न लावता, काहीही न चिकटवता, ते घडीत आहे की उलगडलं आहे हे कळतं. औषधाचा रेणू त्याला चिकटला का, तापवल्यावर ते कधी मोडतं, युरिया किती घातल्यावर हार मानतं, हे सगळं या सरकण्यावरून वाचता येतं. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन घ्या. त्यात सहा ट्रिप्टोफॅन असतात. ज्या महाविद्यालयात अंडं चालत नाही तिथे पनीर गाळून उरलेलं पाणी घ्या. बीएस्सीच्या मुलांना दोन तासांत करता येईल असा हा प्रयोग आहे.

अट एकच. त्याला २८० नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. टायरोसिनला वगळून फक्त ट्रिप्टोफॅनला जागं करायचं असेल तर २९५ चा. आणि हा प्रकाश फुकट मिळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, रस्त्यावरचं डांबर मऊ होतं, पण त्या उन्हातही २८० नॅनोमीटर नसतो. साधारण २९० च्या खालचं सगळं वातावरणातला ओझोन वरच्या वर गिळतो. १८५२ साली जॉर्ज स्टोक्सने क्विनाइनचं निळं चमकणं सूर्यप्रकाशात दाखवलं आणि या घटनेला नाव दिलं, ते जमलं कारण क्विनाइनला ३५० च्या आसपासचा प्रकाश पुरतो. प्रथिनांसाठी दिवा बनवावाच लागतो. म्हणूनच प्रथिनांच्या चमकण्याचा पद्धतशीर अभ्यास त्यानंतर शंभर वर्षांनी उभा राहिला. १९५५ मध्ये बोमन, कॉलफील्ड आणि युडनफ्रेंड यांनी झेनॉनच्या दिव्यावर चालणाऱ्या स्पेक्ट्रोफ्लुरोमीटरचं वर्णन छापलं, १९५७ मध्ये टील आणि वेबर यांनी या तीन अमिनो आम्लांची मोजमापं दिली. तेव्हापासून मागणीपत्रात झेनॉन बसला आहे तो आजतागायत.

झेनॉन वाईट नाही. क्वार्ट्झच्या फुग्यात दाबाखाली झेनॉन वायू, दोन टंगस्टनचे इलेक्ट्रोड, मधे एक-दोन मिलिमीटरची ठिणगी. अतिनीलपासून लाल रंगापर्यंत अखंड प्रकाश. हवी ती तरंगलांबी ग्रेटिंगने निवडा. कोणत्या तरंगलांबीला नमुना किती उजेड देतो याचा संपूर्ण आलेख काढायचा असेल तर असा अखंड दिवाच लागतो.

पण त्याचं देणं-घेणं समजून घ्या. ३०० च्या खाली त्याचा प्रकाश झपाट्याने कमी होत जातो, आणि आपलं काम नेमकं तिथेच आहे. दर वेळी पेटवताना हजारो व्होल्टचा झटका द्यावा लागतो आणि त्या प्रत्येक झटक्यात इलेक्ट्रोड झिजतात. वीज दिवसातून तीनदा गेली तर दिव्याने तीन वेळा मार खाल्ला. आयुष्य हजाराच्या आसपास, चांगला निघाला तर दोन हजार तास. त्यातही जातो तो आधी अतिनीलमध्ये. इलेक्ट्रोडमधलं टंगस्टन उडून क्वार्ट्झवर बसतं, क्वार्ट्झ काळवंडतं, आणि डोळ्यांना दिवा पांढराशुभ्र दिसत असतानाच २८० चा प्रकाश निम्म्यावर आलेला असतो. मुलं मग महिनाभर प्रथिनाला दोष देत बसतात. थंड असतानाही फुग्यात वातावरणाच्या कित्येक पट दाब असतो. बदलताना हातून निसटला तर फुटतो. उघड्या बोटांनी हाताळला तर बोटाच्या ठशावर तापून तडकू शकतो. म्हणून तोंडावर शील्ड, हातात मोजे.

आता यात नागपूर मिसळा. आपल्या किती प्रयोगशाळांत एसी आहे आणि किती ठिकाणी खिडकीत कूलर लावलेला आहे, हे लेखा विभागाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मार्च ते जून कूलर दिवसभर दमट हवा आणि त्याबरोबर धूळ आत फेकतो. ती दमट हवा उच्च व्होल्टच्या जोडण्यांना मानवत नाही. आरशांवर आधी धूळ, पावसाळ्यात बुरशी. अतिनील प्रकाशाला असा थर दृश्य प्रकाशापेक्षा जास्त नडतो. दीडशे वॅटचा दिवा त्याच खोलीत आपली उष्णता ओततो, ती वेगळीच. यंत्राच्या खर्चात एसी आणि यूपीएस धरलेले नसतील तर ते यंत्र अर्धंच विकत घेतलं असं समजा.

एका महाविद्यालयातली गोष्ट सांगतो. नाव सांगायचं कारण नाही, कारण ती कोणाचीही असू शकते. झेनॉनचा दिवा गेला. नव्या दिव्याची मागणी गेली. फाईलवर शेरा आला: ही बाब उपकरण आहे की कन्झ्युमेबल? उपकरण म्हटलं तर डेड स्टॉक रजिस्टरला नवी नोंद हवी, आणि जुनी नोंद रद्द करायला निर्लेखन समिती, म्हणजे जुनं सामान बाद ठरवणारी समिती, हवी. कन्झ्युमेबल म्हटलं तर रक्कम त्या शीर्षाच्या मर्यादेबाहेर. पत्रव्यवहार चालू राहिला, आर्थिक वर्ष संपलं, निधी परत गेला. यंत्रावर रेक्झिनचं कव्हर आलं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली तेव्हा कव्हर निघालं, यंत्र पुसलं गेलं, समोर फलक लागला. समितीतल्या कोणी ‘सुरू करून दाखवा’ म्हटलं नाही. लेखा विभागाचा दोष आहे असं मी म्हणत नाही. त्यांच्यासमोर आलेल्या मूळ मागणीत दिवा झिजतो हे कोणी लिहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण पैशाची आहे म्हणून नीट वाचावी. यंत्र विकताना कंपनी एक आकडा ठळक छापते: पाण्याचं रामन सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर, म्हणजे खरा संकेत यंत्राच्या गोंगाटाच्या किती पट आहे. शुद्ध पाण्यावर प्रकाश टाकला की त्यातला अगदी थोडा भाग तरंगलांबी बदलून बाहेर पडतो, सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेला तोच परिणाम. पाणी सगळीकडे सारखंच असल्याने यंत्राची संवेदनशीलता तपासायला ही सोपी कसोटी झाली आहे. आता मेख पाहा. हा आकडा बहुतेक वेळा ३५० नॅनोमीटरचा प्रकाश टाकून काढलेला असतो, आणि पाण्याचा रामन पट्टा मग ३९७ ला दिसतो. ३५० ला झेनॉनचा प्रकाश भरपूर असतो. आपण प्रथिनांसाठी वापरणार २८०, जिथे तो कितीतरी कमी. तेव्हा पुरवठादाराला सांगा, आमच्यासमोर २८० टाकून दाखवा. पाण्याचा पट्टा ३१० च्या जवळ उठला पाहिजे. तो नीट वर येत नसेल तर लायसोझाइमचा उजेड कसला वर येणार! शिवाय मुलांनाही हे कळायला हवं, नाहीतर ३१० चा तो छोटा डोंगर टायरोसिनचा म्हणून प्रकल्पात छापला जातो. मी असे प्रकल्प तपासले आहेत.

जाता जाता एक. भौतिकशास्त्राकडे पूर्ण वेळ वळण्याआधी रामन वित्त खात्यात अधिकारी होते, आणि १९१० च्या सुमारास काही महिने त्यांची नेमणूक आपल्या नागपुरात होती. लेखा विभागातल्या मंडळींनी या कसोटीला तरी आपलं म्हणायला हरकत नाही.

झेनॉन सोडून काय आहे? ड्युटेरियमचा दिवा तुमच्या यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये आधीच आहे. शोषण मोजायला तो उत्तम, चमक मोजायला दुबळा. लेसरच्या वाटेला महाविद्यालयाने जाऊ नये. २६६ नॅनोमीटरचा लेसर संशोधन संस्थेत शोभतो, जिथे त्याच्यासाठी वेगळी खोली आणि प्रशिक्षित माणूस असतो. पाऱ्याच्या दिव्याबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण तो स्वस्तातला मोह आहे. करोनाच्या काळात घेतलेल्या निर्जंतुकीकरणाच्या पेट्या आता अनेक ठिकाणी पडून आहेत आणि ‘त्यात यूव्हीच तर आहे, तोच वापरा’ अशी सूचना मी बैठकीत ऐकली आहे. त्या नळीचा प्रकाश जवळजवळ सगळा २५४ नॅनोमीटरला असतो. ट्रिप्टोफॅनचं शोषण नेमकं तिथे खाली गेलेलं असतं, आणि डीएनए मात्र तो प्रकाश आवडीने शोषतो. म्हणजे प्रयोगाला निरुपयोगी आणि मुलांच्या डोळ्यांना, कातडीला घातक. उच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यात २९७ च्या जवळ एक चांगली रेषा असते आणि जुन्या लोकांनी तिच्यावर सुंदर काम केलं आहे. पण पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारात भारतही आहे. आज नव्याने त्यात पैसे घालू नयेत. आणि सीताबर्डीत नोटा तपासायला मिळतो तो ३६५ चा टॉर्च? त्याने प्रथिन चमकत नाही. हळद, टॉनिक वॉटर, पालकाचा अर्क झकास चमकतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अवश्य घ्या. पन्नास टॉर्च घेतले तरी कोणाची तक्रार असणार नाही.

माझा आग्रह एलईडीसाठी आहे. निळ्या एलईडीला २०१४ चं नोबेल मिळालं, त्याच गॅलियम नायट्राइडमध्ये ॲल्युमिनियम मिसळत गेलं की प्रकाश अतिनीलकडे सरकतो. आज २८० आणि २९५ नॅनोमीटरचे एलईडी सहज मिळतात. पाणी निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांसाठी २७५-२८० चे एलईडी मोठ्या प्रमाणावर बनू लागले आणि किमती उतरल्या. त्याचा आयता फायदा आपल्याला आहे. बटण दाबताच पेटतात, ताटकळत बसावं लागत नाही. हजारो व्होल्ट नाहीत, फुटायचं भय नाही, पारा नाही. मोजायचं तेवढ्याच सेकंदांसाठी पेटवता येतात, त्यामुळे नमुना प्रकाशानेच खराब होत नाही. ट्रिप्टोफॅन जोरदार अतिनीलमध्ये फार वेळ ठेवला तर त्याचं किन्युरेनिन बनतं आणि उजेड घटत जातो, हे शिकवायचं असेल तर गोष्ट वेगळी. नॅनोसेकंदाच्या ठोक्यांनी चमकणारे एलईडीही असतात. ट्रिप्टोफॅन काही नॅनोसेकंदच उजेड देतो, ते मोजायला ते वापरतात. पण ते पुढचं.

एलईडीचेही नखरे आहेत आणि ते लपवून मला तुमची मंजुरी नको. २८० च्या एलईडीला दिलेल्या विजेतली फार थोडी प्रकाश होते, बाकी उष्णता. चांगला हीटसिंक नसेल तर तापून प्रकाश उतरतो, आणि नागपुरात तो जास्तच तापणार. प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर हवा, साधा चार्जर जोडून भागत नाही. त्याचा पट्टा दहा-बारा नॅनोमीटर रुंद असतो, शिवाय त्याला लांब तरंगलांबीकडे एक पुसट शेपूट असतं. ते शेपूट थेट ३३०-३५० मध्ये घुसतं, जिथे प्रथिनाचा उजेड यायचा असतो. म्हणून एलईडी आणि नमुना यांच्या मधे बँडपास फिल्टर (ठरावीक तरंगलांब्याच जाऊ देणारा) सक्तीचा. तो फिल्टर कोटेशनमध्ये बऱ्याचदा एलईडीपेक्षा महाग दिसतो आणि तुमच्याकडे कोणीतरी त्यावर लाल रेघ मारतं. कृपा करून मारू नका. तो काढला तर उरतं ते खेळणं.

तशीच गत क्युवेटची, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या चौकोनी भांड्याची. साधी काच २८० नॅनोमीटर अडवते. क्वार्ट्झची क्युवेट आणि काचेची क्युवेट टेबलावर शेजारी ठेवली तर ओळखू येत नाहीत, आणि एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, पुरवठादार काय पाठवेल याचा नेम नसतो. शिवाय शोषण मोजायच्या क्युवेटला दोनच बाजू पारदर्शक असतात. चमक मोजताना प्रकाश एका बाजूने टाकून काटकोनात पाहावं लागतं, म्हणून चारही बाजू पारदर्शक हव्या. मागणीत ‘क्वार्ट्झ, चारही बाजू पॉलिश’ एवढे शब्द नसतील तर नियमाने आलेला माल निरुपयोगी असू शकतो आणि तो परतही करता येत नाही.

विदर्भातल्या मुलांना हे का शिकवावं, असा प्रश्न समितीतल्या एखाद्या सदस्याला पडू शकतो. सिकलसेल आपल्या भागात घराघरात माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढ्या एका बदलाने हे सगळं दुखणं. त्याच हिमोग्लोबिनच्या एका रेणूत सहा ट्रिप्टोफॅन असतात, आणि तरी तो जवळजवळ काळोखा असतो, कारण शेजारचा हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग, त्यांचा उजेड ओढून घेतो. हीम काढून टाकला की ग्लोबिन चमकू लागतो. याने सिकलसेलचं निदान होत नाही, तसा दावा कोणी केला तर हाकलून द्या. पण आपल्या गावातल्या आजाराचं प्रथिन हातात धरून त्याचा उजेड विझताना आणि पेटताना पाहिलेली मुलगी पुढे एखाद्या संशोधन संस्थेत गेली, तर तिथल्या यंत्राला बुजणार नाही.

तर माझं म्हणणं असं. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्र मोठं झेनॉन यंत्र घेण्याचा हट्ट सोडावा. अध्यापनासाठी प्रत्येक प्रयोगशाळेत २८० आणि २९५ च्या एलईडीचे दोन-चार संच घ्यावेत: फिल्टर, क्वार्ट्झ क्युवेट, झाकणाची बंद पेटी आणि एक लहान स्पेक्ट्रोमीटर. झाकण उघडताच एलईडी विझेल असा इंटरलॉक पेटीला हवाच. या तरंगलांब्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो शेपटाचा फिकट जांभळट उजेड, आणि मुलं तो पाहायला वाकतात. डोळ्यांना झालेली इजा लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं चुरचुरू लागतं. पॉलिकार्बोनेटचा फेस शील्ड स्वस्त असतो, तो संचाच्याच किमतीत मागा.

आणि संशोधनासाठी चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एकच चांगलं झेनॉन यंत्र चालवावं. कोणाच्या आवारात ठेवायचं यावरून भांडण होईल, मला कल्पना आहे. जिथे एसी, यूपीएस आणि ते चालवणारा कायम तंत्रज्ञ आहे तिथे ठेवा. प्राचार्यांची ज्येष्ठता हा निकष नको. वापराच्या तासांची वही दिव्याशेजारी असावी आणि तासांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयाने आपला वाटा भरावा. त्या वाट्यातून दिवा येईल. दिवा कन्झ्युमेबल आहे हे पहिल्याच मंजुरीत लिहून टाका. वर्षाला एक या हिशेबाने तीन वर्षांची तरतूद त्याच ठरावात करा. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदात ‘दिवा वगळून’ हे शब्द लहान अक्षरांत असतात, तेही तपासा.

निविदेच्या तांत्रिक अटींत एक वाक्य माझ्याकडून घाला: ‘पुरवठादाराने २८० नॅनोमीटर उद्दीपनावर शुद्ध पाण्याचा रामन पट्टा आणि लायसोझाइमचा वर्णपट समितीसमोर, महाविद्यालयाच्या खोलीत, महाविद्यालयाच्या विजेवर घेऊन दाखवावा; त्यानंतरच देयक मंजूर होईल.’ शक्य असेल तर हे प्रात्यक्षिक मे महिन्यात, दुपारी दोन वाजता ठेवा. पाणी, लायसोझाइम आणि चारही बाजू पॉलिश केलेली क्युवेट मी घेऊन येईन, कोणत्याही महाविद्यालयात, मानधनाशिवाय.

आपला,
जीवरसायनशास्त्राचा एक शिक्षक
नागपूर